हरिभाऊंची यमू आणि व्याकरणातला पुरुष

मराठीत 'मी' म्हणणाऱ्याला फार वेळ लपून राहता येत नाही. इंग्रजी कादंबरीत बोलणारा पुरुष आहे की बाई, हे पन्नास पानं गुलदस्त्यात ठेवता येतं. आपल्याकडे पहिल्याच क्रियापदाला बिंग फुटतं. 'मी गेलो' म्हटलं की धोतर दिसतं आणि 'मी गेले' म्हटलं की लुगडं. कोल्हापूरकडच्या बायका खुशाल 'मी आलो' म्हणतात, तो गोड अपवाद सोडून द्या. एरवी आपली भाषा बोलणाऱ्याचा चेहरा प्रत्येक वाक्याच्या शेवटी उघडा करते. 1890 साली पुण्यातल्या एका सव्वीस वर्षांच्या तरुणाने हे 'गेले', 'आले', 'रडले' लिहायला घेतलं आणि 1893 पर्यंत तो ते लिहीत राहिला. त्या तरुणाचं नाव हरि नारायण आपटे. त्याच्या त्या 'मी'चं नाव यमू. आणि कादंबरीचं नाव 'पण लक्ष्यांत कोण घेतो'.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून कादंबरी कशी वाचावी या विषयावर बोलायला मला अधूनमधून बोलावणं येतं. कधी एखादं कॉलेज, कधी महिला मंडळ, कधी गावातलं वाचनालय. प्रश्न ठरलेले असतात. निवेदक म्हणजे लेखकच ना? मग प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी ही भानगड कशाला? दृष्टिकोन म्हणजे लेखकाचं मत का? हे शब्द शाळेच्या पुस्तकात असे कोरडे ठणठणीत होऊन येतात, की त्यांच्यामागे कुणाचं तरी जिणं-मरणं असू शकतं हे कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून मी व्याख्या सांगत बसत नाही, हरिभाऊंची गोष्ट सांगतो. या सगळ्या शब्दांचे अर्थ त्या एका आयुष्यात सापडतात.

हरिभाऊंचा जन्म खानदेशातल्या पारोळ्याचा, 8 मार्च 1864 चा. पुढे 1975 पासून संयुक्त राष्ट्रसंघाने हाच दिवस महिला दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. योगायोगच, पण पंचांगालासुद्धा कधीकधी साहित्याची जाण असते असं वाटायला लावणारा. आई लहानपणीच गेली. वाढले ते चुलत्यांच्या छत्राखाली. हे चुलते म्हणजे महादेव चिमणाजी आपटे, मुंबईचे नामांकित वकील. जुन्या संस्कृत पोथ्या जपाव्यात, छापाव्यात, म्हणून 1888 साली त्यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. अप्पा बळवंत चौकाजवळ पुस्तकं घ्यायला आपण शेकडो वेळा जातो, तिथून ती हाकेच्या अंतरावर आहे. चुलत्यांच्या पश्चात या संस्थेचा कारभार हरिभाऊंनी सांभाळला, तो अखेरपर्यंत. म्हणजे मराठीतला पहिला मोठा सामाजिक कादंबरीकार पोटापाण्यासाठी आणि कर्तव्य म्हणून संस्कृत ग्रंथांची व्यवस्था बघत होता. दिवसभर शास्त्रग्रंथांची मुद्रितं आणि रात्री त्याच शास्त्रांच्या नावाखाली भरडल्या जाणाऱ्या बायकांच्या कहाण्या, अशी ती दुपेडी जिंदगी. हिशेबाच्या वह्या मिटून रात्री लिहायला बसणं काय असतं ते मला थोडंफार ठाऊक आहे, त्यामुळे या माणसाविषयी मला अंमळ जास्तच आपुलकी वाटते.

शिक्षण मुंबईत आणि मग पुण्यात, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर या मंडळींनी 1880 साली काढलेली ही शाळा. 1882 मध्ये चिपळूणकर वारले तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर 'शिष्यजनविलाप' नावाची विलापिका लिहिली. थोड्याच काळात आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचं 'विकारविलसित' हे मराठी रूप प्रसिद्ध केलं, तर त्यावर याच पोराने लांबलचक परीक्षण लिहून दोष दाखवले. गुरूला भ्यायचं नाही आणि गुरूचं ऋणही नाकारायचं नाही, असा हा स्वभाव. पुढे डेक्कन कॉलेजात गेले, पण पदवी काही पदरात पडली नाही. मात्र तोवर स्कॉट आणि डिकन्स वाचून झाले होते. त्या काळी तरुणांना वेड लावणारा रेनॉल्ड्सही सुटला नव्हता. 'मधली स्थिति' ही त्यांची पहिली कादंबरी 1885 पासून 'पुणेवैभव' या पत्रात क्रमशः येऊ लागली, तिच्यावर या रेनॉल्ड्सची सावली आहे. सांगणारा वरून बघतो, पुण्याच्या समाजाचा बरा-वाईट पसारा दाखवतो, बोट दाखवून सांगतो. पद्धत जुनीच.

आणि 1890 साली त्यांनी स्वतःचं साप्ताहिक काढलं, 'करमणूक'. नावावरून वाटतं तसं ते हलकंफुलकं नव्हतं. घरातल्या सगळ्यांनी वाचावं, मन रमावं आणि जाता जाता चार गोष्टी कळाव्यात, असा त्याचा बेत. तुमच्या हातातली ही रविवारची पुरवणी त्या 'करमणूक'चीच पणती म्हणायला हरकत नाही. हे पत्र पुढची सुमारे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं चाललं. आठवड्यामागून आठवडा मजकूर पुरवायचा, छापखान्याची घाई आणि वाचकांची ओढ सांभाळायची. एक सामाजिक आणि एक ऐतिहासिक अशा दोन कादंबऱ्या अनेकदा एकाच वेळी चालू असत. यमूची कहाणी सुरू होती त्याच सुमाराला टिपूच्या काळातली 'म्हैसूरचा वाघ'ही चालू होती. एका हाताने तलवारी आणि दुसऱ्या हाताने चूल. त्यातली तलवार आज फारशी कुणी उचलत नाही, चूल मात्र अजून धगधगते आहे.

असं का झालं, हे समजून घ्यायचं तर निवेदक या शब्दाकडे वळावं लागतं.

आधी सोप्या गोष्टी. काय घडलं, कशातून काय निघालं, ते कथानक. ज्यांच्या बाबतीत घडलं ती पात्रं. कुठे आणि केव्हा घडलं तो स्थळकाळ. कुणाची इच्छा कुठे अडली तो संघर्ष. आणि सगळं वाचून झाल्यावर मनात जे उरतं तो आशय. 'पण लक्ष्यांत कोण घेतो'चं कथानक चार ओळींत सांगता येतं. पुण्यातल्या ब्राह्मण घरातली एक मुलगी लहानपणी लग्न होऊन सासरी जाते. नशिबाने नवरा, रघुनाथराव, समंजस निघतो. मुंबईच्या बिऱ्हाडात सुधारक मंडळींच्या सहवासात तिला चार मोकळे दिवस लाभतात. मग नवरा जातो, आणि तिला केशवपनाला सामोरं जावं लागतं. अशा कहाण्या तेव्हा घरोघर होत्या. त्यासाठी कादंबरी लिहायची गरज नव्हती, शेजारी डोकावलं तरी पुरे होतं.

मग हरिभाऊंनी वेगळं काय केलं? त्यांनी सांगणारा बदलला.

आमच्या बँकेच्या कामातलं एक उदाहरण देतो. एका कर्जाच्या फायलीत तीन कागद असत. पहिला कर्जदाराचा अर्ज. तो म्हणतो, मी अमुक गावचा, पाऊस झाला नाही, म्हैस मेली, मला पैसे द्यावेत. दुसरा निरीक्षकाचा अहवाल. तो गावात जातो आणि स्वतः पाहिलं तेवढंच लिहितो. अर्जदार घरी होता, गोठा रिकामा दिसला. अर्जदाराच्या मनात काय आहे ते त्याला माहीत नाही. तिसरा कागद वर्षअखेरचा. त्यात अर्जदाराचं, निरीक्षकाचं, मॅनेजरचं, सगळ्यांचंच सगळं माहीत असल्याच्या थाटात लिहिलेलं असे. म्हैस तीच, पण गोष्टी तीन. अर्ज हा प्रथमपुरुषी निवेदनाचा नमुना. निरीक्षकाचा अहवाल म्हणजे तृतीयपुरुषी, पण मर्यादित निवेदन. वर्षअखेरचा कागद म्हणजे सर्वज्ञ निवेदक. अर्जावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो, कारण सांगणाऱ्याचा स्वार्थ त्यात असतो. साहित्यात अशा माणसाला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. पण हेही खरं, की त्या तीन कागदांपैकी म्हशीसाठी डोळ्यांत पाणी फक्त अर्जातच असे.

हरिभाऊंच्या आधीची मराठी कादंबरी बहुतेक तिसऱ्या कागदासारखी होती. 1861 ची हळब्यांची 'मुक्तामाला' घ्या, की 1871 चं गुंजीकरांचं 'मोचनगड' घ्या, सांगणारा उंचावर बसलेला. विधवांचं दुःख हा विषयही नवा नव्हता. बाबा पदमनजींनी 1857 मध्येच 'यमुनापर्यटन' लिहून तो मांडला होता. गंमत म्हणजे तिथल्या नायिकेचं नावही यमुनाच. पण ती यमुना प्रवासात ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या पाहते, ऐकते. मागाहून वैधव्य तिच्याही वाट्याला येतं, तरी पुस्तकाचा भर इतरांची दुःखं दाखवून वाचकाला पटवण्यावर आहे. हरिभाऊंची यमू काही पटवायला बसलेली नाही. ती आपल्यावर काय गुदरलं ते सांगते. पटवणं आपोआप होतं.

आता निवेदक आणि दृष्टिकोन यांतला फरक पाहा, तो यमूच्या बोलण्यात स्वच्छ दिसतो. निवेदक म्हणजे बोलतंय कोण? दृष्टिकोन म्हणजे बघतंय कोण? कादंबरीच्या सुरुवातीला बोलणारी यमू मोठी आहे, विधवा आहे, सगळं भोगून बसलेली आहे. पण बघणारी यमू लहान आहे. घरातल्या मोठ्या माणसांची कुजबुज, आईचं मुकाट सोसणं, वडिलांचा करडा स्वभाव, दुर्गीसारख्या मैत्रिणीचे हाल, हे त्या लहान डोळ्यांना निम्मंशिम्मं समजतं. वाचकाला मात्र पुरतं समजतं. पात्राला जे कळत नाही ते वाचकाला कळतं, तेव्हा जो चटका बसतो त्याला समीक्षक नाट्यपूर्ण उपरोध म्हणतात. शब्द जड आहे, अनुभव साधा आहे. लेक आनंदाने सासरी जायला निघते आणि बापाला त्या घरची रीत माहीत असते, तेव्हा बापाच्या घशात जे अडकतं तेच हे.

प्रथमपुरुषी निवेदनाचं एक बंधन असतं. 'मी' म्हणणाऱ्याला दुसऱ्याच्या मनात शिरता येत नाही. सासरचे शंकरमामंजी हे या कादंबरीतलं गाजलेलं पात्र. वरून धर्मनिष्ठा आणि आतून ढोंग असा तो माणूस. सर्वज्ञ निवेदक असता तर त्याने मामंजींच्या मनाचं दार उघडून आतला काळोख दाखवला असता. यमूला ती सोय नाही. तिला फक्त त्यांचं वागणं दिसतं, बोलणं ऐकू येतं, आणि आडोशाला उभ्या असलेल्या सुनेने जेवढं ताडावं तेवढंच ती ताडते. म्हणूनच ते जास्त भीतिदायक वाटतात. ज्या माणसाच्या हातात आपलं आयुष्य आहे त्याच्या मनात काय आहे हे माहीत नसणं, हीच तर त्या काळच्या सुनेची अवस्था होती. कादंबरीची पद्धत आणि बाईची परिस्थिती इथे एकच होऊन जाते. पात्रचित्रण म्हणतात ते हे. दोन विशेषणं चिकटवून ते साधत नाही, पात्र कुठून दिसतं यावर ते ठरतं.

दुसरं बंधन आणखी मजेचं. जी बाई पुस्तकभर स्वतःची कहाणी लिहिते, तिला लिहिता आलं पाहिजे! 1890 च्या ब्राह्मण घरात ही गोष्ट गृहीत धरण्यासारखी नव्हती. बाईच्या हातात पुस्तक दिसलं तर वडीलधाऱ्या बायकाच नाकं मुरडत. म्हणजे यमूचं वाचन, त्याला नवऱ्याचं उत्तेजन, मुंबईच्या बिऱ्हाडातलं ते मोकळं वातावरण, हे सगळं नुसतं सुधारणेचं तत्त्व सांगण्यासाठी आलेलं नाही. त्याशिवाय ही कादंबरी लिहिलीच गेली नसती, असा तो आतला बंध आहे. स्त्रीशिक्षणावर शंभर लेख लिहून जे सांगता येणार नाही, ते या पुस्तकाचं अस्तित्वच सांगतं. ती शिकली म्हणून आपल्याला कळलं. न शिकलेल्या किती जणींचं कळलंच नाही, हा हिशेब ज्याने त्याने मांडावा.

आणि ते केशवपन. या विषयावर त्या काळी रान पेटलेलं होतं. 1888 पासून आगरकर 'सुधारक'मधून आसूड ओढत होते. 1889 मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. विधवांची डोकी भादरणार नाही म्हणून मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने सभा घेतली तीही याच सुमाराची. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, तेव्हा टिळक आणि आगरकर, हरिभाऊंचे दोन्ही गुरू, समोरासमोर उभे होते. यमूची कहाणी चालू असतानाच हे सगळं घडत होतं. 'करमणूक' दोन्ही पक्षांच्या घरांत जात असणार. अशा वेळी वाद घालणाऱ्याला प्रतिवादी भेटतो. निबंधाला उत्तर देता येतं, शास्त्रवचनाला शास्त्रवचन टाकता येतं. पण एक बाई 'मी' म्हणून सांगू लागली की तिला काय उत्तर देणार? बाहेरून लिहिलं असतं तर लेखकाने तिचं रूप कसं पालटलं याचं वर्णन केलं असतं, आणि वाचक हळहळून पान उलटता. आतून लिहिताना ते शक्य नाही. स्वतःचं डोकं स्वतःला दिसत नाही. ज्याच्यावर प्रसंग ओढवतो त्याला प्रसंगाचं चित्र दिसत नसतं, त्याच्या वाट्याला फक्त सोसणं येतं. प्रथमपुरुषी निवेदन वाचकाला त्या जागी नेऊन बसवतं आणि मग उठू देत नाही.

एक चमत्कारिक गोष्ट इथे सांगायला हवी. मराठी व्याकरणात 'मी' हा प्रथम पुरुष, 'तू' द्वितीय, 'तो, ती, ते' तृतीय. संस्कृतात मात्र 'मी' म्हणजे उत्तम पुरुष, 'तू' मध्यम पुरुष, आणि 'तो' किंवा 'ती' याला प्रथम पुरुष म्हणतात. इंग्रजीच्या वळणाने आपण नावं फिरवली. बदललं नाही ते एकच, तिन्ही जागी शब्द पुरुष! बोलणारी बाई असली तरी व्याकरण तिला प्रथम पुरुषच म्हणतं. विनोद बाजूला ठेवला तरी खरा प्रश्न उरतोच. यमूच्या 'मी'मागे हात एका पुरुषाचा होता. बाईचं दुःख पुरुषाने बाई होऊन सांगावं का? त्याला तो अधिकार आहे का?

हा प्रश्न आजच्या वाचकाला पडतो आणि तो पडावाच. हरिभाऊंनी स्त्रियांना वाचा दिली, असं आपण व्यासपीठावरून बेधडक बोलतो. ते बरोबर नाही. स्त्रिया आधीपासून बोलत होत्या. 1882 मध्येच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांची हजेरी घेतली होती. 1887 मध्ये पंडिता रमाबाईंनी इंग्रजीतून उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती जगापुढे मांडली होती. हरिभाऊंच्या स्नेही काशीबाई कानिटकर स्वतः लेखिका होत्या, 1889 मध्ये त्यांनी डॉक्टर आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. हरिभाऊंनी काशीबाईंना लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली. साहित्याविषयी एका सुशिक्षित बाईशी बरोबरीच्या नात्याने चर्चा करणारा पुरुष त्या काळात विरळा. यमूचा सूर खरा लागला त्यामागे हे ऐकणं असणार, असा माझा तर्क आहे. स्त्रीच्या तोंडी 'मी' घालण्याआधी या माणसाने बायकांचा 'मी' ऐकून घेतला होता.

यमूच्या नजरेला मर्यादाही आहेत, त्या झाकू नयेत. तिला दिसतं ते पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा ब्राह्मण घरातलं. माजघर, स्वयंपाकघर, ओटी. त्या घरात पाणी भरणाऱ्या, धुणं धुणाऱ्या बायकांची कहाणी तिच्या टप्प्यात येत नाही. अशाच घरांतल्या फसवल्या गेलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये, म्हणजे हरिभाऊंच्या जन्माच्या आदल्या वर्षी, त्याच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. दृष्टिकोन म्हणजे खिडकी. खिडकीतून स्पष्ट दिसतं, पण चौकटीपुरतंच. वाचणाऱ्याने खिडकीतून बघावं आणि भिंतही लक्षात ठेवावी.

पण अधिकाराच्या प्रश्नाचं उत्तर मला पुढच्या काळात सापडतं. ज्या 1893 साली यमूची कहाणी संपली, त्याच वर्षी शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला. त्यांचं नाव आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे. 1944 मध्ये त्यांचं 'माझे पुराण' प्रसिद्ध झालं. त्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले, विधवाश्रमासाठी गावोगाव फिरलेल्या, त्यांची 'माझी कहाणी' 1928 ची. त्याआधी 1910 मध्ये रमाबाई रानड्यांच्या आठवणी आल्या. 1934 पासून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' येऊ लागली आणि मराठीतला बाईचा 'मी' कसा ठसठशीत, कसा हसरा असू शकतो ते कळलं. आता ही पुस्तकं यमूशेजारी ठेवून वाचा. या बायका यमूपेक्षा खट्याळ आहेत, धीट आहेत, मध्येच विषय सोडून भलतीकडे जातात. खऱ्या माणसाचं आयुष्य कादंबरीइतकं एका दिशेने वाहत नाही. पण त्यांच्या दुःखाशेजारी यमूचं दुःख ठेवलं तर ते खोटं पडत नाही. कल्पित 'मी'ला याहून मोठं प्रमाणपत्र कोणतं? लेखकाने घेतलेला अधिकार वैध होता की नाही, हे मागाहून ज्यांचं दुःख होतं त्यांनीच ठरवायचं असतं.

हरिभाऊ या यशावर थांबले नाहीत. 1893 मध्येच त्यांनी पुढची कादंबरी सुरू केली, तिचं नावच 'मी'. इथे बोलणारा पुरुष आहे, भाऊ, पुढे भावानंद. सांगण्याची पद्धत तीच, पण परिणाम निराळा. यमूचा 'मी' घडवलाच जात नाही, दाबला जातो. भावानंदाचा 'मी' घडत घडत मोठा होतो आणि शेवटी समाजकार्यात स्वतःला विसरून जातो. संसार टाकून देशकार्याला वाहून घेणाऱ्या माणसाचं ते चित्र वाचताना गोखल्यांनी 1905 मध्ये काढलेल्या भारत सेवक समाजाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. एकाच लेखकाने एकच सर्वनाम वापरून दोन माणसं उभी केली. निवेदक म्हणजे लेखकच का, या प्रश्नाला एवढं उत्तर पुरावं. यमूही हरिभाऊ नव्हे आणि भावानंदही हरिभाऊ नव्हे. हरिभाऊ त्या दोघांच्या मागे बसून कोण काय बोलेल ते ठरवणारा गृहस्थ.

ऐतिहासिक कादंबऱ्यांत मात्र ते पुन्हा सर्वज्ञ होतात. 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला', 'सूर्योदय', आणि विजयनगरच्या पाडावावरची 'वज्राघात'. इथे निवेदक हातात मशाल घेऊन चालतो. भुयारात शिरतो, शत्रूच्या गोटात जातो, वाचकाशी गप्पा मारतो, रहस्य अर्ध्यावर सोडून दुसऱ्या गडावर पळतो. पुढच्या आठवड्याच्या अंकाची वाट पाहायला लावायची तर हीच रीत सोयीची. इतिहासाचा पट मोठा असतो, एका जोडी डोळ्यांत तो मावत नाही. म्हणजे प्रथमपुरुषी चांगलं आणि सर्वज्ञ वाईट, असं काही नाही. माजघर सांगायचं तर आतल्या माणसाने बोलावं, रणांगण सांगायचं तर टेकडीवर उभ्या असलेल्याने. ही निवड हरिभाऊंना अचूक साधली. 1933 मध्ये प्रभातने तानाजीच्या कथेवर 'सिंहगड' हा बोलपट काढला तो हरिभाऊंच्याच कादंबरीवरून, आणि तिथे कॅमेऱ्याने हे टेकडीवरचं काम सहज उचललं.

मानसन्मान मिळाले. 1912 साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. पुण्याच्या नगरपालिकेतही त्यांनी काम केलं. आनंदाश्रमाच्या पोथ्या चालूच होत्या. 'सूर्यग्रहण'सारखी कादंबरी अपुरी राहिली ती राहिलीच. 3 मार्च 1919 रोजी ते गेले. पंचावन्न पूर्ण व्हायला पाच दिवस कमी होते. बँकेत पंचावन्न म्हणजे निवृत्तीचा विचार मनात डोकावू लागण्याचं वय. एवढ्या आयुष्यात या माणसाने दोन डझनांच्या घरात कादंबऱ्या, स्फुट गोष्टी, नाटकं आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचं साप्ताहिक एवढा ऐवज जमा केला.

एक गोष्ट मला आजही थक्क करते. शेकडो पानं यमू बाईच्या क्रियापदांत बोलते. पण मुखपृष्ठावरचं क्रियापद पाहा. लक्ष्यांत कोण 'घेतो'. व्याकरण म्हणेल, 'कोण' या सर्वनामाची ती रूढ रीत आहे. असेल. पण सांगणारी बाई आणि लक्षात घेणारा पुरुष, ही त्या काळची सगळी गोष्ट त्या चार शब्दांत येऊन बसली आहे. प्रथम पुरुष यमूचा, तृतीय पुरुष तिला छळणाऱ्यांचा. द्वितीय पुरुषाची जागा तेवढी रिकामी ठेवलेली आहे. ती वाचणाऱ्याची. घरात आज दुपारी कुणी काही सांगायला बसलं, सून, सासू, शाळेतून आलेली नात, तर ती जागा आपली आहे, एवढं ओळखलं तरी पुष्कळ.